भैरूआप्पांची ब्रिगेड

"मी कवा निघालो, कुठं उतरणार, फोनवर कुणाला काय पण सांगायचं न्हाई," बिरदेवनं दौंडच्या फलाटावर तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा अंकितानं कडेवरच्या तनूची टोपी सारखी करत म्हटलं होतं, "बरं बाबा. सकाळी शेपू केला होता, हे तरी सांगू का? का त्यानंही देश धोक्यात येईल?"

बिरदेव हसला नाही. गाडी उत्तरेकडं सुटली आणि अंकिता तनूला घेऊन रांजणगावजवळच्या वस्तीवर परत आली.

खरं तर तिच्याइतकी सावध बाई वस्तीवर दुसरी नव्हती. शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. दुधाची पिशवी फुगलेली दिसली की परत करायची, तनूच्या तापाचे आकडे वहीत लिहायची, गॅसचं बटण झोपण्याआधी दोनदा चाचपायची. फक्त फोनमधून कुणी घरात शिरेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

शिरली ती वंदनाभाभी. म्हणे मेजरसाहेबांची बायको. तिनं फौजींच्या बायकांचा एक ग्रुप काढला होता, त्यात अकरा जणी होत्या. वंदनाभाभी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची आणि रोज दुपारी न चुकता विचारायची, "जेवलीस का?" दात येताना तनू रात्री रडायची तेव्हा सगळं घर झोपलेलं असायचं, भाभी मात्र फोनवर हजर असायची. अंकिताला तीन आठवडे कुणी "जेवलीस का" विचारलं नव्हतं, आणि हीच फट भाभीला पुरली. बिरदेवनं बोलता बोलता सांगितलेलं, की वीस तारखेला आमची कंपनी रेल्वेनं हलणार, ते अंकितानं एका दुपारी सहज लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाभीचा सूर बदलला.

"गाडीचा नंबर काढून दे. कुठून सुटणार तेही. नाही दिलंस, तर तुझे सगळे मेसेज त्याच्या साहेबाकडं पाठवते. वर्दी जाईल त्याची."

गाडीचा नंबर भाभीला कशाला हवा, हे बी.कॉम.ला समजावून सांगावं लागलं नाही. त्या गाडीत बिरदेव असणार होता आणि त्याच्यासोबत दीडशे जण, ज्यांच्या आया-बायका घरी वाट बघत असणार होत्या.

ती उठली आणि सरळ सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली.

भैरूआप्पा म्हणजे फौजेतले रिटायर हवालदार. एकवीस वर्षं नोकरी, दोन मेडल आणि निकामी झालेली फुप्फुसं. अंगणातल्या बाजेवर ऑक्सिजनच्या मशीनला जोडून बसायचे. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, दिवाळी दाखवतील, पुढचं सांगत नाही. त्यावर आप्पांचं म्हणणं एवढंच, की बदलीची ऑर्डर तोंडी आलेली चालत नाही, कागद दाखवा.

अंकितानं रडत रडत सगळं सांगितलं. आप्पा ओरडतील असं तिला वाटलं होतं. आप्पांनी नळी नाकात नीट बसवली.

"पयलं काम. बिरूच्या साहेबाला खरं ते कळव. लपवायचं न्हाई."

"वर्दी गेली तर?"

"वर्दी गेली तर मेंढरं राखंल. जीव गेल्यावर काय राखणार?" आप्पा धापा टाकत म्हणाले. "आन् दुसरं काम. त्यो फोन हिकडं दे."

"आप्पा, ती बाई डेंजर आहे."

"मला काय करणार हाय ती? मारणार?" आप्पांना हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "उशीर केला म्हनावं तिनं."

अंकितानं बिरदेवच्या युनिटच्या नंबरवर सगळं सांगितलं. तोवर आप्पांनी वंदनाभाभीला फोन लावून टाकला होता.

"म्याडम, सून भित्री हाय. मी हवालदार भैरू. हपिसात माझा दोस्त हाय. मला इचारा. मला ह्या सरकारनं ऑक्सिजनसाठी लै पळवलंय, माझा राग हाय त्यांच्यावर."

शेवटचं वाक्य खरं असल्यामुळं फार छान वठलं. भाभी विरघळली.

"रेल्वे क्यान्सल," आप्पा म्हणाले. "चालत निघाल्यात. कोकणाकडं."

आता हे कोकण आलं कुठून? आप्पांचा चुलतभाऊ खंडू दरवर्षीसारखा मेंढरं घेऊन कोकणाकडं निघाला होता. रोज मुक्कामाला पोचला की तो आप्पांना फोन करायचा आणि आप्पा बाजेवर पडल्या पडल्या मनानं कळपामागून चालायचे. त्यांना खोटं रचायची गरजच नव्हती. खंडू जे सांगेल ते आप्पा भाभीला सांगायचे.

"आज ओतूरला मुक्काम. पाचशे चाळीस."

"पाँच सौ चालीस जवान?"

"व्हय. सात नवीन दाखल झाले आज पहाटं. लगीच उभं राहून चालाया लागले."

भाभी पलीकडं लिहून घेत असावी. दोन दिवसांनी आप्पांचा आवाज जड झाला.

"काल माळशेजच्या अलीकडं दोन जवान गेले. लांडग्यानं मागच्या बाजूनं हल्ला केला."

"लांडगा? ये कौन है?"

"बरीच वर्षं त्या भागात अ‍ॅक्टिव्ह हाय."

अंकिता तोंडावर पदर दाबून बसली होती. सासूबाई कुशाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "खंडूभावजींची कुठली दोन गेली, इचारा की. ती काळ्या कानाची तर न्हवं?"

एकदाच घात होता होता राहिला. भाभीनं वाहनं किती विचारलं. आप्पा अभिमानानं म्हणाले, "चार घोडी. भांडी, लहान पोरं आन् कोंबड्या वाहायला."

अंकितानं कपाळावर हात मारला.

"कोंबड्या?" भाभीनं विचारलं.

"ते फोनवर बोलायचं नसतंय, म्याडम," आप्पा दरडावून म्हणाले. भाभीनं चक्क सॉरी म्हटलं.

त्याच दिवशी साध्या कपड्यातले फौजेचे एक साहेब पुण्याहून आले. अंकिता तुरुंगाची तयारी म्हणून तनूचे कपडे पिशवीत भरून बसली होती. साहेबांनी अंकितानं फोनमध्ये करून ठेवलेली सगळी रेकॉर्डिंग ऐकली. लांडग्याच्या ठिकाणी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे चालू राहू द्या," ते म्हणाले. "गाडी वीसलाच जाणार. तेवीसपर्यंत सगळे पोचतील. तोवर त्यांची नजर कोकणाकडं राहिली पाहिजे. जमेल ना आप्पा?"

"म्हंजी तेवीसपर्यंत जगायचं," आप्पांनी बोटं मोजली. "लै ताणताय साहेब. बरं, बघतो."

त्यांनी खरोखर बघितलं. डॉक्टर रोज चकित होत होते. जेवण सुटलं, उठणं सुटलं, पण फोन वाजला की आप्पांचा हात मुजऱ्याला उठावा तसा उठायचा. चौदा तारखेला सकाळी त्यांनी चहा मागितला, अर्धा प्यायले, "खंडू घाट उतरला का बघ," म्हणाले आणि गेले.

बिरदेवला मुद्दाम कळवलं नाही. तो साहेबांचा हुकूम होता, आणि तो पाळताना अंकिताला स्वतःचीच किळस आली. पण वंदनाभाभी मेसेज करतच होती. आप्पा, आज कुठं? अंकिता सुतकात बसून टाईप करायची: मुरबाड. सगळे ठणठणीत.

दहाव्याला नदीवर पाहुणे जमले होते. न्हाव्यानं शेवटच्या पुतण्याचं डोकं केलं आणि फोन वाजला. मेसेज नाही, कॉल. भाभीला आवाज ऐकायचा होता. आठवडाभर तो न ऐकल्यामुळं तिला संशय आला होता. तारीख तेवीस. गाडी पोचायला चार तास होते.

अंकितानं अंगठा हिरव्या बटणाजवळ नेला आणि मागं घेतला. कुशाबाईंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. रिकाम्या कपाळाची ती बाई नदीकाठच्या दगडावर टेकली, छाती भरून श्वास घेतला, बटण दाबलं आणि खोकली.

तो आप्पांचा खोकला होता. आधी दोन कोरडे ठसके, मग लांबलचक घरघर, शेवटी "आई गं". बेचाळीस वर्षं शेजारी झोपून ऐकलेला. पिंडाभोवतीची सगळी माणसं जागच्या जागी थिजली. एका पुतण्यानं हात जोडले. गुरुजींच्या हातातली दर्भाची जुडी खाली पडली.

"आप्पा, आराम करा," पलीकडून भाभी घाबरून म्हणाली. "बाद में बात करते हैं."

कुशाबाईंनी फोन बंद केला. "मरू दिलं न्हाई मी तुमच्या आप्पाला वेळेआधी," त्या जमलेल्यांना म्हणाल्या. "आता रडा काय रडायचं ते."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सगळे पोचले. मग बिरदेवचा आला. तो बराच वेळ रडला आणि शेवटी म्हणाला, "अंकिता, तू जेवलीस का?" तिला राग आला, हसू आलं आणि ती म्हणाली, "हो. शेपू."

गोष्ट इथं संपली असती तर अंकिता आता शांत झोपली असती. पण वंदनाभाभीचा नंबर बंद झालाय, भाभी नाही. ग्रुपमधल्या नऊ जणींना अंकितानं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. नऊही बाहेर पडल्या. दहावी राजनंदिनी. वरवंडची, दोन महिन्यांचं बाळ, नवरा बॉर्डरवर. ती म्हणाली, "तुम्ही जळता भाभींवर," आणि तिनं अंकिताला ब्लॉक केलं. पोलीस जाऊन आले. सासरच्यांनी दारातूनच सांगितलं, आमच्याकडं असलं काही नाही. गुरुवारपासून तिचा फोन कुणालाच लागत नाही. भाभीनं तिलाही धमकावलं असणार, असं अंकिताला वाटतं. अंकिता निघाली होती, पण तनूला ताप आहे, एकशे दोन.

तेव्हा तुम्ही वरवंडच्या बाजूचे असाल, किंवा सोलापूर रोडनं आज-उद्या जाणार असाल, तर गाडी थांबवा. निळ्या गेटचं घर आहे, गावात फौजीचं घर विचारलं तरी दाखवतील. सासरच्यांच्या "सगळं ठीक आहे"वर परत फिरू नका. आत जा, बाळाला बघायला आलोय म्हणा, आणि राजनंदिनी डोळ्यांना दिसेपर्यंत तिथून उठू नका.