दादांचं पोट

"दोनदा झालं," चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरपाशी उभी असलेली रेडिओ (सारखी मोठ्याने बोलते म्हणून लॉन्ड्रीने त्या बाईला ठेवलेलं नाव) म्हणाली. "आता तिसऱ्यांदा गेले तर कुणाचं तरी काही खरं नाही."

चादरीचं दुसरं टोक धरलेल्या बाईने मान वळवून पॅसेजकडे पाहिलं. पॅसेजच्या टोकाला शौचालयाचं दार होतं. दार बंद होतं आणि आत दादा होते.

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत नोटीस बोर्ड होता, नाही असं नाही. त्यावर आग लागल्यास काय करावं याचं चार वर्षांपूर्वीचं पत्रक होतं आणि आग लागली असती तर पहिलं तेच जळालं असतं. खरी बातमी कळायची ती दादांच्या पोटावरून. दादा लॉन्ड्रीचे प्रमुख. हाताखाली एकवीस माणसं. तोंडाचे इतके पक्के की वरून आलेली गोष्ट मेले तरी बोलायचे नाहीत, पण पोट काही त्यांचं ऐकायचं नाही. सकाळी एकदा गेले तर साधी भानगड: साबण संपला, नाहीतर बॉयलर बिघडला. दोनदा गेले म्हणजे वरच्या मजल्यावरून कुणीतरी बोललंय. तीनदा म्हणजे माणसांवर बेतलंय. मग बायका रजेचे अर्ज गुपचूप मागे घ्यायच्या, इस्त्रीवाले नव्या फ्रिजचा विचार सोडून द्यायचे. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या चिठ्ठीपेक्षा हे खातं जास्त चोख होतं.

दादा बाहेर आले, ओले हात रुमालाला पुसत म्हणाले, "काय तमाशा आहे का इथे? चादरी बघा, माझ्याकडे काय बघता?"

त्या दिवशी खरं तर काहीच नव्हतं. सगळ्या विभागप्रमुखांना वरच्या हॉलमध्ये तीन तास एका प्रशिक्षणाला बसायचं होतं आणि त्या हॉलजवळ शौचालय नव्हतं. दादांना तेवढंच पुरे होतं.

लोक हसायचे. दादाही हसायचे, दुसरं करणार काय? पण सहा वर्षांपूर्वीची गोष्ट लॉन्ड्रीत कुणी विसरलं नव्हतं. साहेबांनी चार माणसं कमी करायला सांगितली होती. आठ दिवस दादांच्या पोटात अन्न ठरलं नाही. नवव्या दिवशी ते एक कागद घेऊन वर गेले. पाळ्या बदलल्या, पहाटेच बॉयलर पेटवायचं ठरवलं, दोन यंत्रांचं काम एकावर आणलं, आणि चौघांपैकी एकही माणूस गेला नाही. साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की जमतं." दादांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. ते कुणी विचारलं नाही.

प्रशिक्षणाचा विषय निघाला पोट. दादांना वाटलं, कुणीतरी आपली थट्टा मांडली आहे. पण पडद्यावर खरोखरच आतड्यांचं मोठं रंगीत चित्र होतं आणि समोर पोटाच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. आतडी आणि मेंदू दिवसभर एकमेकांशी बोलत असतात, म्हणाल्या. पोटातले जंतू नीट असतील तर माणूस ताण सोसतो, आणि ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने आधी स्वतःचं पोट सांभाळायला हवं. बाई मनापासून सांगत होत्या. दादा ऐकत राहिले.

शेवटी साहेब उठले. पोटावर हात मारून म्हणाले, "मला विचारा. वीस वर्षं या खुर्चीत आहे. एक दिवस पोट दुखलं नाही. आपल्याला काहीही पचतं!"

हॉलभर हशा झाला. दादांना आठवलं, गेल्या वर्षी साहेबांनी एका दुपारी सफाईची तेरा माणसं काढली आणि संध्याकाळी निरोप समारंभात आइस्क्रीम दोनदा मागून घेतलं. काहीही पचतं, यात खोटं काही नव्हतं.

मग फॉर्म आले. तीस प्रश्न. वर ठळक अक्षरांत 'गोपनीय' छापलेलं. नाव लिहायचं नाही, फक्त विभाग आणि हुद्दा लिहायचा. आता लॉन्ड्रीला प्रमुख होता एकच, पण हे ज्याने फॉर्म काढला त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा चांगलंच लक्षात आलं.

शेजारी इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. त्यांनी तीसच्या तीस प्रश्नांपुढे एका झटक्यात 'कधीच नाही' वर खुणा केल्या आणि पेनचं टोपण लावलं.

"अहो, तुम्हाला तर अल्सर आहे ना?" दादा कुजबुजले.

"तो माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. हा कागद साहेबांचा आहे."

"पण गोपनीय लिहिलंय की वर."

"गोपनीय म्हणजे आपल्यापासून गोपनीय," बाई म्हणाल्या. "भाबडेपणा करू नका. सरळ 'कधीच नाही' करा आणि मोकळे व्हा."

दादांनी ऐकलं नाही. तीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, बाबा रे, तुला काय होतं? बायकोने विचारलं होतं, पण ती विचारायची ते ओरडून. त्यांनी एकेक प्रश्न वाचला आणि खरं लिहिलं. एकोणिसावा प्रश्न होता: कठीण निर्णय घेताना आपल्या प्रकृतीवर परिणाम होतो काय? तिथे दोन ओळींची जागा होती. ती पुरली नाही म्हणून दादांनी समासात लिहिलं. चार माणसं, आठ दिवस, सहा किलो, सगळं.

निघताना ते डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही भित्रे नाही आहात. तुमचं पोट तुमच्याआधी विचार करतं एवढंच. त्याला जरा शांत करू या." सावकाश जेवा, वेळ चुकवू नका, रोज दही खा, आणि काही वाईट ऐकायची वेळ आली की आधी चार मोठे श्वास घ्या. दादांनी ते शब्दन् शब्द लक्षात ठेवलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"सावकाश जेवा म्हणून मी तीस वर्षं कंठशोष करतेय," बायको म्हणाली, "तेव्हा कानात बोळे होते! आणि ती बाई एकदा म्हणाली तर लगेच पटलं?"

"अगं, तिने चित्र दाखवलं."

"मीही काढलं असतं चित्र."

पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात दही यायला लागलं. दादा बत्तीस वेळा घास चावायला लागले. आठवड्यात फरक पडला. तिसऱ्या आठवड्यात तर दिवस दिवस पोट आहे की नाही हेच त्यांना कळेना. लॉन्ड्रीत सगळ्यांना त्याचं अप्रूप वाटलं.

"दादा, तब्येत मस्त झाली हं," रेडिओ म्हणाली. "पण आता आम्हाला बातम्या कुठून मिळायच्या?"

दादा मनापासून हसले. इतक्या वर्षांत प्रथमच आपण चारचौघांसारखे झालो असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांना फार आवडत होतं.

मग शुक्रवारी साहेबांनी वर बोलावलं.

साहेबांच्या टेबलावर तो फॉर्म होता. समासातलं बारीक अक्षर दादांना दारातूनच ओळखू आलं.

"बसा," साहेब म्हणाले. आवाज एकदम मायेचा. "तुम्ही इतका त्रास काढताय आणि आम्हाला पत्ता नाही. माणसाला झेपेल तेवढंच द्यावं, या मताचा मी आहे. सोमवारपासून तुम्ही कापडाच्या स्टोअरमध्ये बसायचं. पगार तोच. डोक्याला ताप नाही."

"आणि लॉन्ड्री?"

"तुमचा सहायक बघेल."

सहायकाला लॉन्ड्रीत सगळे होयबा म्हणायचे. तेच फॉर्म नंतर सहायकांकडूनही भरून घेतले होते. त्याच्या फॉर्मवर तीस वेळा 'कधीच नाही' होतं, हे साहेबांनी कौतुकाने सांगितलं.

"सोमवारी नऊ माणसं कमी होणार आहेत," साहेब पुढे म्हणाले. "निम्मे कपडे बाहेर धुवायला देतोय. त्यांना सांगायचं काम तुमच्या पोटाला झेपायचं नाही."

दादांनी चार श्वास घेतले. "साहेब, मला आठ दिवस द्या. मागच्या वेळी मी मार्ग काढला होता. या वेळीही काढीन."

"मागच्या वेळी तुमची काय दशा झाली होती?" साहेबांनी समासावर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना? मग मी पुन्हा तुम्हाला त्यात ढकलू? उद्या काही झालं तर तुमची बायको मला काय म्हणेल?"

अक्षर दादांचंच होतं.

"आणि एक," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत पोटात ठेवा. बाहेर फुटलं तर नऊचे चौदा होतील, सांगून ठेवतो."

जिन्यावर दादा कठडा धरून उभे राहिले. आता पोटात गोळा येईल, आता कळ येईल. काहीच आलं नाही.

शनिवारी शेवटचा दिवस. होयबा वही घेऊन त्यांच्या टेबलाजवळ स्टूल टाकून बसला होता, कुठली किल्ली कशाची ते लिहून घेत. दादांनी सकाळी स्वतःशी हिशोब मांडला होता: तोंडाने सांगायचं नाही, म्हणजे चौदा होणार नाहीत. पण पोट तर सांगेलच, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तीनदा जाईन, सगळे समजतील, आपापली सोय बघतील. ते पोटाची वाट बघत बसले. नऊ वाजले, दहा वाजले. रात्रीचं दही छान लागलं होतं आणि झोपही छान झाली होती.

अकराच्या सुमारास रेडिओ टेबलाशी आली. ती नेहमी ओरडून बोलायची, आज हळू बोलली.

"दादा, एक विचारू? शिवणकामाच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पगार थोडा कमी आहे, पण कायमचं आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. इथलं सगळं ठीक आहे ना?"

होयबाने वहीतून मान वर केली.

"मी काय सांगणार तुला," दादा म्हणाले.

रेडिओने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पॅसेजमधल्या दाराकडे. आणि हसली. "कळलं, कळलं. अकरा वाजले आणि एकदाही नाही! नाहीच म्हणून टाकते त्यांना. वीस वर्षांची जागा कोण सोडतं?"

ती रोलरकडे वळली तसे दादा उठले. पॅसेजच्या दिशेने चार पावलं गेले. नुसतं जाऊन आत उभं राहिलं असतं, कडी लावून पाच मिनिटं, आणि परत येऊन पुन्हा गेलं असतं, तरी काम झालं असतं. कुठल्याही साहेबाला त्यात बोट दाखवता आलं नसतं.

"कुठे दादा?" होयबाने विचारलं. "पुन्हा सुरू झालं की काय?"

त्याच्या आवाजात थट्टा होती, तीस वर्षं ऐकलेली. दादा थांबले. "छे, छे. एकदम ठणठणीत आहे," ते म्हणाले आणि परत येऊन खुर्चीत बसले. साहेबांची भीती होती हे खरं. पण त्या क्षणी दादा बसले ते भीतीने नव्हे. बरा झालेला माणूस म्हणून मिरवायचं होतं, म्हणून बसले. हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

सोमवारी होयबाने दहा वाजता नऊ नावं वाचून दाखवली. आवाज कापला नाही, पाणी प्यायला नाही. कामावरून जाणाऱ्याने अंगावरचा निळा कोट स्टोअरमध्ये जमा करायचा असा नियम होता, आणि स्टोअरच्या खिडकीत आता दादा होते. एकेक जण आला. कुणी रडलं, कुणी नुसता कोट ठेवून गेलं. म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याने उलट त्यांनाच धीर दिला, "तुम्ही असता दादा, तर असं झालं नसतं."

रेडिओ सातवी आली. तिने कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. कॉलरही खळ लावून कडक केली होती.

"शनिवारी तुम्हाला माहीत होतं?"

दादांना खोटं बोलता आलं असतं. "हो," ते म्हणाले.

तिने कोट खिडकीतून आत सरकवला. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सकाळी फोन केला त्यांना," ती म्हणाली. "जागा भरली म्हणाले." मग पावतीवर सही करता करता, मान वर न करता, तिने विचारलं, "अहो, इतकं कसं पचलं तुम्हाला?"

ती उत्तराला थांबली नाही. मागे आठवी उभी होती.

घरी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. जेवायला बसले. मुद्दाम घाईघाईने जेवले, न चावता, घासावर घास. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कधी उलटून पडतंय याची वाट बघितली. सगळं निमूट खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

बायको आत मुलीशी फोनवर बोलत होती. आवाजात इतका आनंद होता की दादांना तो ऐकवेना.

"अगं, काही काळजी करू नकोस," ती म्हणत होती. "तुझे बाबा आता एकदम बरे आहेत. त्यांना काही म्हणजे काही होत नाही."