अकरा विटांनंतर

थोरल्या भावाला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी मी बांधकामाच्या परांचीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडून घेतलं. घरात दोघं बसून: बाळंतीण वहिनी आणि मी. भाऊ म्हणायचा, "तुला पाळण्यात घालता येत नाही, एवढाच काय तो फरक."

मुकादमाने माझ्या जागी नवा गवंडी घेतला होता. हात इतका भराभर चाले की सगळे त्याला झटपटच म्हणत. मला निरोप आला: प्लॅस्टर निघालं की या, दोघं एकेक भिंत बांधा. ज्याची भिंत पास तो गवंडी, दुसऱ्याने घमेली उचलावीत. दहा वर्षं ज्या परांचीवर थापी चालवली, तिच्याच खाली माल कालवायचा?

"सहा आठवडे थापीला हात नाही," मी म्हणालो. "विसरणार गं वहिनी सगळं."

"विसरताय कशाला? रोज आठवण करून द्यायची. डोळे मिटा भाऊजी."

"झोपू का?"

"झोपलात तर पोरगी अंगावर ठेवीन. पहिलीच्या वेळी मी खाटेवर पडून रोज मनात परांची चढत होते. कामावर गेले तेव्हा पाय लटपटले नाहीत."

मग रोज दुपारी ती पोरीला थोपटत सांगायची आणि मी मनात बांधायचो.

"माल पसरा. एवढा? फुकटचा आहे का? आता वीट ठेवा. गार लागली?"

"लागली."

"खोटं! भिजवलीय कुठे अजून?"

मी मुकाट्याने विटा भिजवायला घ्यायचो. प्लॅस्टरमधली बोटं खरोखरच हलायची. अकरा विटा झाल्या की ती म्हणे, "थांबा," आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेई.

प्लॅस्टर निघालं. कामाच्या दिवशी वहिनी दारात म्हणाली, "जा. भिंत तर कधीच बांधून झालीय, विटा तेवढ्या लावायच्यात."

मनगट काडीसारखं झालं होतं, पण हाताला सगळं ठाऊक होतं. अकरा विटा लागल्या आणि हात आपोआप थांबला.

"दुखतोय का रे?" मुकादमाने विचारलं.

"नाही."

पुन्हा अकरा, पुन्हा थांबला. काही केल्या लगेच पुढे जाईना.

"भिंत बांधतोस की पाहुण्यांची वाट बघतोस?" झटपट ओरडला. सगळे खिदळले. तो दोन थर पुढे होता.

रिकामं उभं राहून करायचं काय? भिंत सरळ आहे का बघायला मी ओळंबा सोडला. एक वीट बाहेर होती, ठोकून आत घेतली. मग दर थांब्याला तेच.

जेवणाच्या सुट्टीत झटपटची भिंत माझ्यापेक्षा हातभर उंच होती. मुकादमाने तिला ओळंबा लावला.

"पोट सुटलंय हिला. कितवा महिना?"

माझ्या भिंतीला दोरी वरपासून खालपर्यंत सरळ उतरली. "उद्यापासून ये," एवढंच तो म्हणाला. झटपट आपली भिंत उतरवायला लागला.

घरी गेल्या गेल्या मी वहिनीला विचारलं, "अकरावर थांबायला का सांगायचीस?"

"अहो, इतकी वर्षं तुम्हाला विटा कोण देत होतं? माझ्या डोक्यावरच्या फळीवर अकराच मावतात. पुढच्या आणायला खाली जायला नको? मनातलं काम म्हणून काय दोन फळ्या उचलू?"

त्या वर्षीची ती धाकटी पोर पुढे आजी झाली. ती आजी झाली त्याच वर्षी जूनमध्ये, एका बुधवारी सकाळी, वहिनी वारली.