पायलीचे रोडगे

आवडाबाई भादव्यात तापाने गेली. मार्गशीर्ष लागेपर्यंत तिच्या नवऱ्याला, दौलतरावला, भाकरी जमू लागली होती. जमू लागली म्हणजे परातीतून उचलून तव्यावर पडेपर्यंत ती एकसंध राहायची. पुढे तिचं काय होईल याचा नेम नसे.

मंगरूळच्या बाहेर माळ्यांची लहानशी वस्ती होती, तिच्यात त्याचा मळा होता. मळ्यात वांगी, मुळे, मेथी आणि आठवड्याच्या बाजारात जाईल ते सगळं. मोट हाकणं, पाणी वळवणं, माल बांधणं ही कामं हात आपोआप करत होते. चुलीपुढे बसला की मात्र त्याचं डोकं चालत नसे. मीठ घातलं की नाही, हे घातल्यावर लगेच विसरायचा. मग पोरांना विचारायचा. पोरं म्हणायची, चाखून पाह्य ना बा.

पोरं दोन. लखमा आठ-नऊ वर्षांचा, गोजरा त्याच्याहून बरीच लहान. थंडीच्या दिवसांत दोघं उठल्याउठल्या अंगणात जुन्या पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसायची. तुरीच्या हिरव्या शेंगा विस्तवात टाकायची, काडीने ओढून काढायची, आणि तोंडं काळी करून घ्यायची. हे सगळं त्यांना त्यांच्या मायने लावून दिलेलं होतं. बापाला त्यात काही करावं लागत नव्हतं, एवढंच एक बरं होतं.

त्या दिवशी सकाळी गोजरा शेकोटीपाशी बसली होती. अंगावर मायच्या जुन्या लुगड्याची घडी गुंडाळलेली. ती म्हणाली, "बा, आज रोडगे कर. माय करे तसे."

दौलतराव खांद्यावर नाडा घेऊन मोटेकडे निघाला होता. तो थांबला. आज तुळसाबाई येणार होती.

तुळसाबाई म्हणजे आवडाबाईची थोरली बहीण. किन्हीराजाला दिलेली. दिवाळीत येऊन बसली, पोरांची डोकी धुतली, उवा काढल्या, आणि जाताना म्हणाली, "गोजरीले मी नेतो मार्गेसरात. लेकरू हाय. तिले बाईमाणूस पायजे घरात." दौलतरावने मान हलवली होती. ती कशी हलवली, काहून हलवली, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. त्या दिवसांत कोणी काहीही म्हटलं तरी त्याची मान हलायची.

आता पोरगी जाणार, तर तिला रोडगे खाऊन जाऊ द्यावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, रोडगे पाहून तुळसाबाईच म्हणेल की याला करता येते सारं, राहू दे पोरगी इथंच. मग वाटलं, पोरीच्या भल्याच्या आड आपण कायले यावं? तिकडे तिला वेळेवर खायला मिळेल, वेणीफणी होईल. यातलं खरं कोणतं, ते त्याला ठरवता येईना. नाडा खाली ठेवून तो घरात पीठ पाहायला गेला.

आता, रोडगे काही दौलतरावला नवे नव्हते. दर साली वस्तीच्या मारुतीपुढे भंडारा व्हायचा, तेव्हा रोडगे भाजायला गडीमाणसंच बसायची, आणि त्यांत दौलतरावचा हात धरणारा कोणी नव्हता. गव्हाचं जाडं पीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळून पदर काढायचे, गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. त्याला तेल किती, पाणी किती, गोवऱ्या किती, हे सगळं तोंडपाठ होतं. पण ते सारं पायलीला, भंडाऱ्याच्या मोठ्या मापाला. पायलीच्या खाली त्याचं माप उतरतच नव्हतं. आवडाबाई मात्र घरी पोरांपुरते इवले इवले रोडगे करायची, स्वैपाक झाल्यावर चुलीतल्या गरम राखेत दाबून ठेवायची. मोट सोडून तो घरी येईपर्यंत ते संपलेले असायचे. त्याने एकही कधी खाल्ला नव्हता.

"माय त्यात काय घाले?" त्याने विचारलं.

"गूळ," लखमा म्हणाला.

"नाई! मीठ अन् ओवा," गोजरा म्हणाली.

"गूळ घाले. मी तिच्याजोळ बसलो राहो."

"तू ढोरं घेऊन जाये. मी बसे."

"अबे, एक काही सांगा ना!"

दोघांनीही आपापलं सोडलं नाही. गोजरा रडायला आली. दौलतराव परातीपुढे बसून एकदा याच्या तोंडाकडे आणि एकदा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं, हे त्याला दिसत होतं. मग त्याला आवडाबाईचे हात आठवायला लागले, आणि चेहरा काही केल्या आठवेना, म्हणून तो घाबरला. डबा उपडा करून त्याने पायलीभर पीठ परातीत ओतलं आणि मळायला घेतलं.

तीन माणसांच्या घराला पायलीचे रोडगे. चुलीत ते मावणार नव्हतेच. त्याने अंगणात गोवऱ्यांचा ढीग रचला आणि पेटवला. धूर वस्तीवरून मंगरूळच्या दिशेने गेला.

पहिली आली प्रयागबाई. पलीकडच्या मळ्यातली म्हातारी, आवडाबाईच्या माघारी अडीनडीला भाकरी करून द्यायची.

"काय रे दौलत, देवाचं हाय का?"

दौलतराव ढिगाशी वाकून फुंकर मारत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रोडगे काहून करतो हे म्हातारीला समजावून सांगायचं तर आधी त्याला स्वतःला समजायला हवं होतं. तो म्हणाला, "हाव काकी, तसंच समज."

प्रयागबाई तशीच उभी राहिली. घरात माणूस गेलं की सालभर नवस-सायास, देवाचं जेवण काही करत नाहीत. कढई चढवत नाहीत, सणाचं ताट शेजारीपाजारी आणून देतात. एवढं तर दौलतलाही ठाऊक. तरी हा भर अंगणात रोडग्यांचा जाळ करून बसला म्हणजे काहीतरी मोठंच असलं पाहिजे. आणि बायको गेलेल्या तरण्या माणसाचं मोठं काय असणार? म्हातारीने हनुवटीवर बोट ठेवलं आणि ती लगबगीने निघून गेली.

वस्तीची रीत अशी, की रोडग्यांचा जाळ दिसला की बोलावणं लागत नाही. ज्याच्या मळ्यात जे असेल ते घेऊन यायचं आणि पंगतीला बसायचं. हिरालाल टोपलंभर वांगी घेऊन आला. तो भंडाऱ्यात दौलतरावच्या जोडीला बसणारा, त्यामुळे आल्या आल्या त्याने काठी हातात घेतली.

"अबे, निखारे तर पडू दे! कच्चेच पुरतं का? तुह्या पाहुण्याईले तोंड दाखवाचं हाय आमाले."

"कोणती पाहुण्याई?"

"लाजू नको आता. वांग्याची भाजी मी घालतो, तू बस नवरदेवावाणी."

दौलतरावला वाटलं, हा तुळसाबाईबद्दल बोलतो आहे. नवरदेव कुठून आला ते त्याला कळलं नाही, पण हिरालाल नेहमीच असं काहीबाही बोलायचा. कोणी डाळ आणली, कोणी मिरच्या आणल्या. बाया चूल मांडून बसल्या. मांडवाला आल्यासारखी माणसं जमली, आणि ती का जमली हे विचारायचं दौलतरावला धाडस होईना, कारण जाळ त्यानेच केला होता. पोरं मात्र खूष होती. गोजरा या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती.

दुपारी पंगत बसली. रोडगे फडक्यात झटकले, फोडले, वर तूप पडलं. पहिला घास सगळ्यांनी घेतला, आणि खाली मान घालून चावत राहिले.

शेवटी लखमाच म्हणाला, "बा, हे अळणी हाय."

दौलतरावने घास तोंडात घातला. गूळही नव्हता, मीठही नव्हतं. पोरांच्या भांडणात त्याने दोन्ही घातलं नव्हतं.

"चूप रे," हिरालाल लखमाला म्हणाला. "नवसाचं अळणीच राह्यते. खा मुकाट्यानं."

"नवस कोणाचा?" दौलतरावने विचारलं.

हिरालाल हसला. तेवढ्यात वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तुळसाबाईची गाडी होती. रात्री ती आसेगावला दिराकडे मुक्कामाला होती, तिथून निघालेली. मळ्याच्या तोंडाशी प्रयागबाईने तिला गाठलं, गाडीच्या चाकाला हात लावून काहीतरी बोलली. तुळसाबाई खाली उतरली ती पदर खोचूनच.

"वा दौलतराव!" ती पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "चार महिने नाई झाले माह्या बहिणीले. चार महिने! अन् तुमी रोडगे घालून राह्यले नवीच्या नावानं?"

"नवी कोण?"

"ते तुमीच सांगा! साऱ्या वस्तीले माहीत हाय, मलेच नाई."

"बाई, देवाशपथ, मले कोणतीच नवी माहीत नाई."

"मंग हा नवस कायचा?"

"नवस नाई."

"प्रयागकाकीले तुमीच म्हटलं ना देवाचं हाय म्हणून?"

"म्हटलं," दौलतराव म्हणाला. "धूर जाऊन राह्यला होता डोयात."

पंगतीत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हिरालालच्या हातातला रोडगा हातातच राहिला. "अबे, मंग हे कायचं जेवण जेवून राह्यलो आमी?"

दौलतरावकडे सगळे पाहत होते. तुळसाबाई म्हणाली, "काही असो. मी भांडाले नाई आली. गोजरे, चाल, तुही चोळी-परकर घे. सावत्र मायच्या हाताखाली नाई ठेवत मी तुले."

गोजरा उठली. ती उठली ते मावशीचं ऐकून, की नुसती सवयीने, हे दौलतरावला कळलं नाही. ती घराकडे चालू लागली, तेव्हा तो उठून तिच्या आडवा गेला. बोटांना तूप लागलं होतं, ते त्याने धोतराला पुसलं.

"बाई, मले पोरगी घरी पायजे," तो म्हणाला.

तुळसाबाई थांबली.

"रोडगे तिनं मांगितले. तुमी येणार म्हणून केले. मले पायलीचेच येतात, म्हणून एवढे झाले. मीठ टाकाचं राहून गेलं. मले स्वैपाक येत नाई. वेणी येत नाई. पोरीच्या भल्याचं काय ते मले समजत नाई. पण मले पोरगी पायजे."

इतकं सलग तो भादव्यानंतर बोललाच नव्हता. बोलून झाल्यावर आपण काही वावगं बोललो का, हे पाहायला त्याने हिरालालकडे पाहिलं. हिरालाल खाली पाहत होता.

तुळसाबाई मटकन ओट्यावर बसली. बराच वेळ ती पदराने तोंड पुसत राहिली.

"हे दिवाळीले काहून नाई बोलले?" ती म्हणाली. "मी म्हटलं, नेतो. तुमी मान हलवली. मले वाटलं, जड होऊन राह्यली तुमाले. माह्या घरी का कमी लेकरं हायेत? आवडाची लेक म्हणून मी हो म्हटलं मनाशी. घरी धन्याशी भांडली मी याच्यासाठी."

"मले वाटलं, तुमाले पायजे."

"मले वाटलं, तुमाले नको."

प्रयागबाई मध्ये पडली. "चाल तुळसे, हात धू, दोन घास खा. अळणी हाय, पण भाजी तिखट केली हिऱ्यानं."

तुळसाबाई जेवली. नंतर चुलीपाशी बसून तिने दौलतरावला तिघांपुरतं पीठ मुठीने कसं मोजायचं ते दाखवलं. त्याने मान हलवली. "नुसती मान नको हलवू," ती म्हणाली. रागात की मायेत, ती पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करून गेली. "समजलं का, ते तोंडानं सांग."

"अर्धं समजलं."

उन्हं उतरायच्या आत आसेगाव गाठायचं म्हणून गाडी जुंपली. पोरगी न घेताच तुळसाबाई चढून बसली. बैल निघाले, तशी गोजराने हंबरडा फोडला. मावशी, मावशी करत ती गाडीमागे पळत सुटली.

दौलतरावला वाटलं, म्हणजे पोरीला जायचंच होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं, ना मावशीने, ना त्याने. तुळसाबाईने गाडी थांबवली, पोरीला वर घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो गाडीमागे चालू लागला.

गाडीत बसताच गोजराचं रडणं थांबलं. ती बैलांच्या शिंगांकडे पाहत होती.

"उतरतं का?" त्याने बाभळीपाशी विचारलं.

"अजून थोडं."

"उतरतं का?" त्याने देशमुखाच्या वावराच्या धुऱ्यापाशी विचारलं.

"अजून."

तुळसाबाई पुढे पाहत होती. दौलतराव मनात म्हणत होता, आता विचारायचं नाही. तिला जायचं असेल तर जाऊ द्यायचं. पण पाय थांबत नव्हते. नाल्याच्या उतारावर गाडी हळू झाली, तेव्हा गोजराने आपणहून दोन्ही हात त्याच्याकडे पसरले. त्याने तिला उचलून घेतलं. तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

गाडी पाण्यातून पलीकडे गेली. ते दोघं परत फिरले.

"तुले मावशीकडे जाचं होतं का?" त्याने विचारलं.

"गाडीत बसाचं होतं," गोजरा म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बा, संध्याकायी काय करशीन?"

"मले नाई माहीत," दौलतराव म्हणाला. "तूच सांग."

ती त्याच्या खांद्यावर विचार करत राहिली, आणि वस्ती येईपर्यंत तिचंही काही ठरलं नाही.