कणकेनं बांधलेला कुकर

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो. तेल्हाऱ्यातल्या एका गोठ्यात, भिंतीशी पडून असतो. माझं झाकण वाकलं आहे आणि माझी धडधड अजून थांबलेली नाही. माझ्याकडून असं काही घडेल, हे मला आजही खरं वाटत नाही.

कित्येक वर्षं मी तुरीचं वरण शिजवलं. मग माझं रबर सैल झालं, शिट्टी धड होईना, तेव्हा वच्छलाबाईंनी मला माळ्यावर टाकलं. तिथून मला काढलं त्यांच्या यजमानांनी, चंद्रभानजींनी. बाईंचे गुडघे आखडले होते, भिंत धरल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. बांधावरच्या तिखाडी गवताचं तेल गुडघ्यांना चांगलं, असं कुणीतरी सांगितलं आणि या गृहस्थांनी ते घरीच काढायचं मनावर घेतलं.

शिट्टीच्या जागी त्यांनी तांब्याची नळी बसवली, थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि बाटलीत सोडली. झाकणाच्या फटीतून वाफ जाऊ नये म्हणून भोवती कणीक थापली. गवत उकळलं, नळीतून थेंब पडले, पाण्यावर पिवळसर तेलाचा तवंग आला. काही दिवस ते चोळल्यावर बाई भिंत न धरता उठल्या. मी अगदी फुलून गेलो. वरणाचं कौतुक कुणी माझ्या नावावर कधी केलं नव्हतं.

पण चंद्रभानजींना सुधारणेचा नाद लागला. माझा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या भोकात त्यांनी तापमापक घट्ट बसवला. तेल जास्त निघावं म्हणून गवत ठासून भरू लागले. बाई मात्र कणीक वाया जाते म्हणून रोज कुरकुरायच्या. ते चंद्रभानजींना लागलं. एका सकाळी त्यांनी कणकेऐवजी पाइप जोडायची पुट्टी लिंपली. ती दगडासारखी टणक झाली.

"आता तुही कणीक वाचली," ते खुशीत म्हणाले, शेगडी पेटवली आणि शेजाऱ्याला ही करामत दाखवायला बोलवायला गेले.

बाई पडवीत माझ्या शेजारीच पाटावर बसून बाटलीकडे बघत होत्या. थोड्या वेळानं थेंब थांबले. गवत नळीच्या तोंडात अडकलं होतं. पूर्वी असं झालं की कणीक फुटायची, वाफ फुस्स करून निघून जायची आणि बाई हसत पुन्हा थापायच्या. आज वाट कुठेच नव्हती. बाईंना उठा म्हणून सांगायला माझ्याकडे शिट्टीसुद्धा नव्हती. मी भीतीनं गारठलो, आणि आतून तापतच गेलो.

तेवढ्यात बाईंना आठवलं, सवयीनं मळलेला कणकेचा गोळा परातीत तसाच राहिला होता. तो गाईला द्यायला त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या.

मी फुटलो. झाकण पडवीचं टिनाचं छप्पर फाडून गेलं. उकळतं पाणी बाईंच्या पाटावर पडलं.

चंद्रभानजी धावत आले तेव्हा त्या रिकाम्या पाटावरून वाफ निघत होती. गोठ्याच्या दारात बाई उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

"माही कणीक वाचवाले गेले तुमी," त्या हळूच म्हणाल्या, "अन् मलेच घालवून राहिले होते."

त्यांनी पुढे होऊन आधी शेगडी विझवली.

मित्रांनो, तापलेल्या भांड्याची वाफ जायची वाट कधी बुजवू नका. आम्हाला बोलता येत नाही, आमचा दम तेवढा मोकळा ठेवा.

आता तेल तांब्याच्या हंड्यात निघतं. त्याच्या झाकणासाठी चंद्रभानजी स्वतः कणीक मळतात, पण ती कधी सैल होते, कधी घट्ट. बाई गोळा त्यांच्या हातातून घेतात आणि पुन्हा मळतात.