लोनीबाईच्या कुंडीतलं देवाचं पाणी

मित्रांनो, जवळ या. पण आधीच सांगते, माझ्या अंगावर आता तीनच पानं उरली आहेत, म्हणून हसू नका. मी जानेफळच्या एका घरातलं कुंडीतलं झाड आहे. नर्सरीत मला अग्लोनेमा म्हणत. हिरव्या पानांवर चंदेरी झाक, हा माझा तोरा. कडक ऊन मला सोसत नाही. खोलीतला अंधुक कोपरा आणि माती सुकल्यावर थोडं पाणी, एवढ्यावर माझं भागतं.

निवेदिताच्या लग्नात मैत्रिणींनी मला रुखवतात मांडलं आणि तिच्याबरोबर मीही सासरी आले. तिच्या सासूबाई वच्छलाबाई. माझं नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या मला लोनीबाई म्हणू लागल्या. येणारे-जाणारे "खरं हाये का प्लास्टिकचं?" असं विचारत, आणि मी भलतीच फुशारून जाई.

थंडीत अंगणातली तुळस वाळली. देवांना आंघोळ घातलेलं पाणी रोज तिला जायचं. आता ते टाकायचं कुठे?

"देवाचं पानी पायदळी जाऊ नाई," असं म्हणत वच्छलाबाईंनी तांब्या माझ्या कुंडीत रिकामा केला. पाण्यात कुंकू, अक्षता, थोडं दूधही होतं. त्यांनी ते मायेनेच घातलं, आणि मग रोजच घालू लागल्या. निवेदिता सकाळीच शाळेत शिकवायला जाई, तिला याचा पत्ता नव्हता. माझी मुळं सडू लागली. पान पिवळं पडलं की वच्छलाबाईंना वाटे, हिला तहान लागली. त्या आणखी पाणी ओतत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. शेजारच्या पुष्पाबाईंनी नाकाला पदर लावला.

"काऊन व वच्छलाबाई, घरात काही मेलंबिलं का?"

तो वास माझा होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सूनबाईच्या माहेरचं झाड हाये ते," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिले शाळेतून फुरसत भेटन तवा पाह्यन ना! तांब्याभर पानी घालनं होत नाई तिच्यानं."

बायका हसल्या. तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या निवेदिताने मान खाली घातली. माझ्यापायी तिला बोल लागला, आणि मला काही बोलता येईना. तेव्हाइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बायका गेल्यावर तिने मला मागच्या दारी नेऊन कुंडी उपडी केली. काळी, लिबलिबीत मुळं आणि त्यांत अडकलेल्या आंबलेल्या अक्षता बाहेर पडल्या. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या अक्षता ओळखल्या.

"हिला रोज पाणी चालत नाही, आई," निवेदिता एवढंच म्हणाली.

वच्छलाबाई पायरीवर बसल्या. "देवाचं पानी पायदळी जाऊ देलं नाई म्या," त्या हळूच म्हणाल्या, "अन् तुले चारचौघीत पायदळी तुडवलं."

निवेदिताने सडकी मुळं कापली आणि मला कोरड्या मातीत लावलं. अंगणात नवी तुळस आली, देवाचं पाणी आता तिला जातं. पुष्पाबाई परत आल्या तेव्हा मी शरमेने पार आक्रसून गेले. पण वच्छलाबाई आपणहून म्हणाल्या, "झाड म्या सडवलं व. वाचवलं सूनबाईनं."

मित्रांनो, मला नव्याने एक कोंब फुटतो आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर पाणी घालण्याआधी मातीला बोट लावून पाहा. आणि कुणाला बोल लावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारून पाहा.