डब्यातली त्रेपन्न बटणं

माझी भाची माणसांवर प्रयोग करते. म्हणजे नेमकं काय, ते दोन वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि एके दुपारी ती थेट आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या खोलीत, पत्र्याचा डबा घेऊन हजर!

"मावशी, विद्यार्थी झाले, कारकून झाले. आता तुम्ही सहाजणी."

खेळ सोपा होता. दर फेरीला प्रत्येकीला दहा बटणं. पडद्याआड जाऊन हवी तितकी डब्यात टाकायची, उरलेली आपल्या खिशात. डब्यातली बटणं भाची दुप्पट करून शेवटी सगळ्यांत सारखी वाटणार. मग एका बटणाला साबणाची एक वडी. कुणी किती टाकली ते सांगायचं नाही. सांगितलं की अख्खा दिवस बाद.

"बाकीचे दुसऱ्याच फेरीत हात आखडता घेतात," भाची म्हणाली. "तुम्ही नाही घेणार, असं मी विद्यापीठातल्या सरांना छातीठोकपणे सांगून आलेय."

ती पडदा बांधायला वळली तशी मी सगळ्यांना दम भरला, "पोरीची लाज राखा. दहाच्या दहा टाका!"

पडद्याआड मात्र माझंच डोकं चाललं. सगळ्यांचे पेपर हुबेहूब आले तर मास्तर कॉपी धरतात ना? म्हणून मी अतिशहाणीने तीनच टाकली.

"त्रेपन्न," भाचीने जाहीर केलं.

सगळ्यांच्या नजरा चिमटीकडे. खळसुद्धा चिमटीने मोजते म्हणून तिचं हे नाव, तेही मीच ठेवलेलं. ती खाली मान घालून उशीचा अभ्रा दाबत राहिली.

दुसऱ्या फेरीत तीसच निघाली. "एकीने सात ढापायची, मग आम्हीच काय वेड्या?" मशीनवाली पुटपुटली. भाचीने आकडा लिहिला आणि हळूच म्हणाली, "सगळीकडे असंच होतं."

तिचा तो पडलेला आवाज आणि चिमटीची ती खाली घातलेली मान. मला दोन्ही सहन होईनात.

"बाद तर बाद!" मी खिसा इस्त्रीच्या टेबलावर उलटा केला. "ही बघा सात. मीच ढापली." आणि कॉपीचं सांगितलं. मशीनवाली पोट धरून हसायला लागली.

"मला माहीत होतं," चिमटी म्हणाली. "रांगेत तुझ्या मागेच उभी होते. डबा तीनदाच वाजला."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"भाचीसमोर तुझी शोभा कशाला करू?"

मला रडूच आलं. भाचीने वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली, नाक पुसलं आणि म्हणाली, "आता लिहायचं नाही. नुसतीच एक फेरी खेळू या."

या वेळी मी माझी दहा टाकली, वर टेबलावरची ती जुनी सातही. बाकीच्यांची उरलेली बटणं भाचीने परत घेतली होती, म्हणजे फार तर सदुसष्ट. डबा उपडा करून मोजली, तर सत्त्याहत्तर.

मी भाचीकडे पाहिलं. ती पडद्याची गाठ सोडत होती.

"सांगायचं नाही, असा नियम आहे मावशी," ती म्हणाली.