मामांच्या काचघरावर चढलेली निळी वेल

मित्रांनो, निळ्या फुलांच्या ज्या वेलीला तुमच्या घरी आज 'अवदसा' म्हणतात, तिची इथली मूळ आई मी. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीच्या भेगेत माझं जुनं खोड अजून तग धरून आहे.

माझं बी समुद्रापलीकडचं, उबदार हवेतलं. एका रोपवाटिकेच्या मालकांनी ते हौसेनं इथं आणलं. त्यांना सगळे मामा म्हणत. इथल्या पहिल्याच थंडीत माझी बहुतेक भावंडं काळी पडली. मी कशीबशी वाचले आणि फुलले. मग काय, मामा येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवू लागले. "हिच्या तोडीची दुसरी नाही," म्हणायचे.

पुढे त्यांना गुलाबी फुलांची नवी वेल मिळाली आणि मी डोळ्यांत खुपू लागले. "उपटा आणि जाळून टाका," ते माळ्याला म्हणाले.

त्यांची थोरली बहीण शेजारच्या जमिनीच्या तुकड्यात भाज्या पिकवायची. ती कुंपणाशी आली. "अरे, शेंगा वाळल्यात. बी उडेल. आधी ते गोळा कर."

"तू तुझी वांगी बघ, ताई."

माझ्याभोवती उगवलेल्या लेकी माझ्यादेखत जळाल्या. टाकीमागच्या भेगेत माझं खोड तेवढं राहिलं. तेव्हाच मी मनाशी गाठ मारली, की या माणसाच्या बागेत दुसरं काही फुलू द्यायचं नाही.

उडालेलं बी गटाराकाठी रुजलं. त्यातल्या उशिरा फुलणाऱ्या लेकींना थंडीनं गाठलं. लवकर फुलणाऱ्यांचंच बी उरलं. त्यांच्या लेकी त्याहून लवकर फुलल्या. असं होता होता थंडी यायच्या आत आमच्या शेंगा पिकू लागल्या. मग मामांनी तणनाशक फवारलं. ढिगानं मेल्या. पण मोजक्या काहींच्या अंगात ते विष पचवायची ताकद जन्मतःच होती. त्या जगल्या आणि पुढची सारी पिढी त्यांचीच झाली. आता कितीही फवारलं तरी पान सुकेना.

मामांनी गुलाबी वेली ज्यात जपल्या होत्या, त्या काचघरावर माझ्या लेकी चढल्या. छत झाकलं, उजेड तोडला. आतल्या गुलाबी वेली पांढऱ्याफटक पडून मेल्या. मामा दारातच बसले. "ताई, हिला औषधच लागू होत नाही गं."

ते ऐकून माझा जीव थंडावला. खोटं कशाला बोलू?

पण लेकी तिथं थांबल्या नाहीत. कुंपण ओलांडून त्या ताईच्या वाफ्यांत घुसल्या. तिच्याशी माझं कसलंच वैर नव्हतं. ताईनं फवारणीचा पंप हाती धरला नाही. कळ्या यायच्या आधीच ती एकेक रोप मुळासकट उपटू लागली. मामांनाही तिनं शेजारी बसवलं. "तू आणलीस ना? मग ओढ."

मित्रांनो, परमुलखातलं रोप नुसत्या हौसेपायी आणू नका. आणलंत, तर शेवटपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवा, आणि नकोसं झालं तर बी पडण्याआधी आवरा. ताईनं आमचा वंश बुडवला तरी मी तिला दोष देणार नाही. मामांना मात्र माफी नाही. आमच्या चिकानं त्यांच्या तळहातांना फोड आले आहेत, आणि ताई त्यांना उठू देत नाही.